एका पेटीचे तीन व्हिडिओ

"पेटीचं झाकण लावू दे गं आता. गारठ्यात किती वेळ उघडं ठेवायचं?" थोरली म्हणाली.

"एकदाच, जाऊबाई. उभा व्हिडिओ झाला, आता आडवा घेते की संपलं." धाकटीने फोन आडवा केला.

"आणि तो लांबलचक?"

"तो आडव्यानंतर."

"म्हणजे तुझं एकदाच म्हणजे दोनदा. शाळेत मोजायला कुणी शिकवलं तुला?"

"शाळेत नाही, तुमच्या दिराच्या संगतीत शिकले."

थोरलीला हसू आलं, पण हातातली चौकट जड वाटेना. मधाच्या पोळ्याची चौकट कशी भरल्या घागरीसारखी लागली पाहिजे. ही सुपासारखी हलकी होती.

त्यांची जमीन उताराची, मुरमाड. पीक हाती लागलं तर नवल. घर चालायचं ते मधपेट्यांवर. मध मात्र व्यापारी नेणार आणि दहा गावच्या मधात ओतून टाकणार. धाकटी लग्नाआधी शहरात एका दुकानाचं फोनवरचं काम पाहायची. ती म्हणाली, आपला मध आपल्या नावाने विकू. तिने तीन ठिकाणी खाती उघडली. एकावर लहान व्हिडिओ, दुसऱ्यावर फोटोसारखं आडवं काही, तिसऱ्यावर लांब माहिती. तिन्हीकडे नाव एक, चित्र एक: थोरलीच्या बोटावर बसलेली माशी.

"माणूस कुठूनही आला तरी आपल्याच दारात आला पाहिजे," धाकटीने समजावलं होतं.

"एक ना धड, भाराभर चिंध्या," थोरली म्हणाली होती.

पण मागण्या आल्या. परक्या गावची माणसं तिला मधवाल्या ताई म्हणू लागली. थोरली भाकरी थापतानाही विचारायची, "काय लिहिलंय गं आज?" ते तिला गोड लागलं होतं. खोटं कशाला सांगायचं?

फुलोरा होता तोवर सगळं खपून गेलं. मग थंडी पडली. पेटीच्या मधोमध, जिथे अळ्या वाढतात, तिथे माश्या माणसाच्या अंगाइतकी ऊब धरून असतात. झाकण उघडलं की ती ऊब जाते. ती परत आणायला माश्या साठवलेला मध खातात आणि अंग थरथरवत बसतात. थोरलीला हे लहानपणापासून ठाऊक होतं. वडिलांनी थंडीत पेटीला हातसुद्धा लावू दिला नव्हता. तरी ती रोज झाकण उचलत होती, कारण एक दिवस काही टाकलं नाही की तिन्ही खाती मागे पडतात, असं धाकटी म्हणायची.

"गुराला तरी चारा टाकला की ते रवंथ करत बसतं. ही तुझी खाती सदाची भुकेली."

"मग उद्या नको काढायला?"

"उद्याचं उद्या बघू," थोरली म्हणायची, आणि उद्या पुन्हा धूर घेऊन पेटीशी उभी राहायची.

एकेक पेटी रिकामी झाली. पहिली गेली तेव्हा थोरलीने वाऱ्याला बोल लावला. दुसरीच्या वेळी शेजारच्या फवारणीला. त्यानंतर कारण शोधायचं तिने सोडलं. आता ही शेवटची उरली होती.

तिने चौकट उन्हाकडे धरली. अळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या दिसायला हव्यात. या करड्या पडल्या होत्या, काही पोळ्याच्या कप्प्यातच सुकल्या होत्या. राणीमाशी चौकटीच्या कडेने भराभर पळत होती.

"जाऊबाई, जरा हसा ना. चेहरा फार पडलाय."

"बंद कर."

"अगदी थोडं..."

"बंद कर म्हणते ना!"

थोरलीने चौकट आत ठेवली, झाकण लावलं, वर पोतं टाकलं. दोघी बाजूला झाल्या. ऊन वर आलं, तसा पेटीतून घूं घूं आवाज चढू लागला आणि दारातून माश्या लोटल्या. उंबऱ्यावरून पाणी वाहावं तशा. थोरली बादली घेऊन धावली. ओंजळी भरभरून वर पाणी उडवत राहिली. पाण्याने कधी कधी थवा जवळच्या फांदीवर उतरतो. हा उतरला नाही. डोक्यावर एक फेरा घेतला आणि मुरमाड उतारावरून पलीकडे निघून गेला.

धाकटीच्या हातात फोन तसाच वर होता. ती रडत होती आणि फोन खाली आणायचं तिला सुचत नव्हतं.

"घेतलंस?" थोरलीने विचारलं.

"घेतलं गेलं."

"मग टाक. सगळं टाकतेस, हेच कशाला ठेवतेस?"

तो व्हिडिओ तिन्हीकडे एकदम गेला. आजवरचं काहीच इतक्या लोकांनी पाहिलं नव्हतं. किती सुंदर, कुणी लिहिलं. अंगावर काटा आला, कुणी लिहिलं. बाकीच्यांनी मध मागितला.

"काय उत्तर देऊ?" धाकटीने विचारलं.

"नाही म्हण."

"सगळ्यांना?"

"नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. दुसरं काय म्हणणार?"

धाकटी दिवसभर नाही, नाही लिहीत राहिली. शेवटी म्हणाली, "जाऊबाई, फुलोऱ्यातले जुने व्हिडिओ मी पुढच्या तारखा घालून ठेवलेत. रोज आपोआप पडत राहतील. काढून टाकू?"

थोरली म्हणाली, "राहू दे. तेवढ्याच माश्या दिसतील."

थोड्या दिवसांनी थोरलीच्या बहिणीचा फोन आला. थोरली अंगणात रिकाम्या चौकटी घेऊन बसली होती. मेणकिडीने पोळ्यांत जाळी विणली होती. सुरीने ती खरवडत तिने फोन कानाशी धरला.

"अगं, आत्ताच पाहिलं! पेटी नुसती लगडलीय. थंडी मानवली म्हणायची तुझ्या माश्यांना!"

"हो," थोरली म्हणाली. "मानवली." आणि तिने पुढची चौकट मांडीवर घेतली.