एका गालात ती, एका गालात मी

मी शिंप्याच्या खिडकीतली पुदिन्याची कुंडी बोलतेय. गोड बोलायला मला जमत नाही, आधीच सांगते.

कुंडी म्हणजे रंगाचा फुटका डबा. शिंप्याच्या बायकोने बाजारातल्या जुडीच्या उरलेल्या काड्या त्यात खोचल्या आणि मी मूळ धरलं. शिलाई मशीन शेजारीच, त्यामुळे सवत सारखी डोळ्यांसमोर. सवत म्हणजे त्याची तंबाखूची डबी. मी उन्हात, आणि बाईसाहेब त्याच्या छातीवरच्या खिशात. मला पाणी घालायचं त्याला कधी सुचलं नाही. तिला मात्र कापड बेततानाही चाचपायचा. चिमूटभर मळली, गालात ठेवली, की ती तिथेच ठाण मांडून. माझा नुसता जळफळाट.

एकदा पँट उसवून आलेले एक मास्तर म्हणाले, "पुदिना, हळद असल्या गोष्टी कॅन्सरला आवर घालतात का, यावर म्हणे प्रयोग चाललेत."

शिंप्याने सोयीचं तेवढंच ऐकलं. तेव्हापासून एका गालात तंबाखू, दुसऱ्या गालात माझं पान.

खोटं कशाला सांगू, मी हुरळले. अखेर आत शिरायला मिळालं. सवतीला हरवायचं म्हणून पानांवर पानं फुटवली.

"आता तरी सोडा ती डबी," बायको म्हणायची.

"अगं, सोबत उतारा खातोय ना."

उतारा मिळाला म्हणून तो दुप्पट खायला लागला. आत गेल्यावर मी पाहिलं, तिच्या बाजूचा गाल पांढरा पडलेला, चामड्यासारखा ताठ. माझ्या वासाखाली तिचा वास झाकला जात होता आणि तो आता कमी खातोय असं वाटून बायको निर्धास्त होती.

मग एके दुपारी त्याने दोरा दातांनी तोडायला घेतला, तर तोंडच पुरतं उघडेना.

"आ करा," बायको म्हणाली. उभी तीन बोटं घालून पाहिली. दोनसुद्धा धड जाईनात. तिने त्याची कापडाची कात्री उचलली, जिला तो कुणाला हात लावू देत नाही, आणि मला मातीपर्यंत छाटलं.

"अगं, त्या झाडानं काय केलं?"

"त्याच्या आडून खाताय तुम्ही. चला दवाखान्यात." जाता जाता तिने खिशातली डबी काढून गटारात फेकली.

कॅन्सर अजून झालेला नाही, पण हीच वाट तिकडे जाते, असं डॉक्टर म्हणाले. आता तो दातांत लाकडी पट्ट्या धरून तोंड उघडायचा सराव करतो. लाळ गळते, डोळ्यांत पाणी येतं. तंबाखू बंद आहे. आजपर्यंत तरी.

मला पुन्हा पालवी फुटलीय. माझी चटणी वाटा, स्वयंपाकात घाला, मी कामाची आहे. पण तंबाखूवर पांघरूण म्हणून मला घालू नका. तेवढी माझी ताकद नाही.

शिवताना त्याचा हात अजून खिशाकडे जातो. खिशावर डबीचा गोल वळ आहे, धुऊनही जात नाही. माझी एवढी पानं खाल्ली मेल्यानं, माझा कुठे साधा डाग तरी आहे का?