दम धरणारी टाकी

ते २०१९ साल. ज्येष्ठ सरत आला होता आणि आमच्या दहिवलीच्या घरात एकसष्ट गणपती रंगाची वाट बघत होते. सून नम्रताने तेवढ्या घरांना शब्द दिलेला. आदल्या वर्षी ऐन घाईत रंगाच्या गनला हवा पुरवणारं तिचं मशीन, कॉम्प्रेसर, बिघडलं. गनमधून पाणी उडालं, मूर्तींच्या चेहऱ्यांवर डाग पडले. आठ घरांनी गणपती दुसरीकडून नेले. पुन्हा तसं झालं असतं तर तिच्या दारात कुणी आलं नसतं.

म्हणून मुलगा वाल्मिक, नम्रता आणि मी नवं मशीन घ्यायला खालापूरला गेलो. दुकानदार गजाशेठने लाल, चकचकीत मशीन पुढे ओढलं.

"एकदम हलकं. आजी, तुमीपण उचलाल."

"उचलून कुठं लग्नाला न्यायचंय? हवा भर नि बंद कर. मग चहा सांग."

"चहा कशाला?"

"चहा संपेस्तोवर हवेचा काटा हलला नाय, तर घेते."

"आये, लोकं बघतायत गं," वाल्मिक पुटपुटला.

"बघू दे. फुकट हाय."

माझे वडील लोहार. सात वर्षांची असल्यापासून मी त्यांचा भाता ओढला. ते म्हणायचे, भात्याचं रूप बघू नये, दम किती धरतो ते बघावं. कातडं कुठं उसवलंय ते मी गालाला वारा लागला की सांगायचे.

चहा यायच्या आतच लाल मशीनचा काटा खाली आला. मी टाकीच्या जोडाजवळ गाल नेला. बारीक वारा लागत होता.

कोपऱ्यात पट्ट्यावर चालणारं एक जाडजूड मशीन धूळ खात होतं.

"ते घरच्या मीटरवर चालंल?" मी विचारलं.

"चालंल. पण जड हाय, तेल बघावं लागतं. बायकांना झेपायचं नाय."

"ही माझी सून एकटी तीन-तीन फुटी गणपती उचलते. भर हवा."

चहा संपला, कप विसळून झाले. काटा जागचा हलला नाही.

नम्रता मात्र खाली बसून टाकीच्या पोटाखाली चाचपडत होती. "इथं पाणी काढायची तोटी हाय," ती म्हणाली. "हवेतली ओल टाकीत साठते, आई. जुन्याचं पाणी आपण कधी काढलंच नाय. तेच उडालं मूर्तींवर."

गजाशेठ बघतच राहिला. "घेताना खालची तोटी बघणाऱ्या तुमी पहिल्याच."

गळती मला कळली होती, पण ही गोष्ट मला माहीत नव्हती. माझी मान ताठ झाली ती माझ्यासाठी नव्हे.

त्या वर्षी एकसष्टच्या एकसष्ट गणपती बिनडाग गेले.

गजाशेठ आता घरीच असतो. दुकान त्याची लेक प्रिया बघते आणि मशीनमध्ये हवा भरून गिऱ्हाइकाला चहा पाजते. लोकं बघतात म्हणून लाजणारा वाल्मिक रंगाच्या दिवसांत रजा काढून पाट रंगवतो. नम्रताकडे दोनशेच्या वर गणपती असतात, शेलू गावच्या दोन मुली हाताखाली शिकतात, आणि रोज काम संपलं की तोटी उघडून वाटीभर गढूळ पाणी काढल्याशिवाय ती कुणाला उठू देत नाही.

मशीन तेच आहे. मला काटा आता दिसत नाही. मी जोडाजवळ गाल नेते. वारा लागत नाही.