आत दुमडलेलं कापड

माझ्या धाकट्या भावाचं, तोआनचं, लग्न आठवड्यावर आलं आणि आईने स्वतःसाठी शिवलेला आओ याय अंगावर चढवला. तर त्या अंगरख्याची खालची कड फरशीवर लोळायला लागली. आमच्या सा देक गावातल्या निम्म्या बायकांचे आओ याय आईनेच शिवलेत, तिचं माप चुकत नाही. फक्त स्वतःचं तिने जुनंच धरलं होतं. आपल्याला काय मोजायचं!

"रेशीम ताणलंय मेलं," ती म्हणाली.

"रेशीम नाही ताणलं आई, तूच आटलीस."

डॉक्टरीणबाईंनी मागेच सांगितलं होतं, हाडं ठिसूळ झालीत, मणके दबतायत, कॉफी कमी करा, दूध वाढवा. आईने मान डोलावली आणि घरी आल्या आल्या कॉफी गाळायला ठेवली. शिलाई मशीनशेजारी डब्यातलं घट्ट गोड दूध आणि बर्फ घातलेला तिचा कॉफीचा पेला दिवसभर भरलेला असतो. दुपारचं जेवणही कित्येकदा तेच.

"दूधच तर पिते की! डब्यावर गाय दिसत नाही का तुला?"

गाय आहे, पण डब्यात सगळी साखर आणि ताडाचं तेल. मी वाचून दाखवलं.

"म्हणजे इतकी वर्षं ती गाय उगाच उभी आहे होय? मोठी शहाणी!"

डबा फेकला, तर तिने समोरच्या टपरीवरून कॉफी मागवली. साधं दूध दिलं, तर पोट बिघडलं. कॅल्शियमच्या गोळ्या आणल्या, त्या ती कॉफीच्या घोटाबरोबर गिळते. संताप येतो, पण करायचा कुणावर? त्याच पेल्याच्या जोरावर तिने रात्री जागून मशीन चालवलं आणि आम्हा दोघांना वाढवलं.

शेवटी तिला उभं करून मी खाली बसले, कडेला टाचण्या लावल्या आणि कात्री उचलली.

"कापू नकोस गं!" आई एकदम घाबरली. "आत दुमड. लग्न उरकू दे, मग गोळ्या पाण्याबरोबर घेईन, तुझी शप्पथ. पाठ सरळ झाली की उसवून घेऊ." मग तिने हळूच विचारलं, "होईल ना गं सरळ?"

दबलेला मणका पुन्हा वर येत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं. तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बोलावं लागलं नाही. मी होकारार्थी मान डोलावली आणि कापड आत दुमडत गेले.