अण्णांचा सात वाजताचा तुकडा

मुलुंडच्या आमच्या रक्तदाता संस्थेतील चौदा हजार दात्यांची नावे एकाच संगणकात वास करीत होती, आणि त्या संगणकाच्या डिस्कमधून पंधरवड्यापासून सुपारी कातरल्यासारखा आवाज येत होता. संस्थेच्या प्रमुख उत्तराताई मला म्हणाल्या, "गुणाजी, नवीन मशीन यायला दहा दिवस आहेत. तोवर रोजचा बॅकअप बाहेर गेलाच पाहिजे. ही डिस्क बसली तर आपली वाट लागली."

माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले तरी गेली अकरा वर्षे त्या डेटाबेसचा सांभाळ मीच करीत आहे. सबब मी शब्द दिला.

बॅकअपसाठी घेतलेले नवे सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचे होते. कंपनीचा इंजिनियर केयूर साकीनाक्याहून, दुरूनच आमचा पडदा पाहत, फोनवर मार्गदर्शन करी. त्याने समजावले त्याचे सार असे: रविवारी संपूर्ण डेटाबेसची प्रत निघेल; त्यानंतर दर तासाला केवळ नव्या नोंदींचा तुकडा निघेल. हे तुकडे साखळीच्या कड्यांप्रमाणे एकमेकांत अडकलेले असतात. मधली एक कडी हरवली की पुढच्या सर्व निरुपयोगी.

त्याच रविवारी खारदांड्यास आमचे शिबिर झाले. दोनशे बारा नवे दाते मिळाले. त्यांतील वनमाला नावाच्या एका बाईंचे रक्त बॉम्बे गटाचे निघाले. दहा हजारांत एखादाच सापडणारा असा दाता आमच्या यादीत प्रथमच येत होता. आमच्या कार्यालयातल्या श्रुतिकाने सोमवारपासून फॉर्म टंकायला घेतले, आणि नियमानुसार टंकलेला प्रत्येक फॉर्म कागद कापणाऱ्या यंत्रात घातला. अर्थात, ती माणसे आता केवळ त्या कुरकुरणाऱ्या डिस्कमध्येच होती.

मंगळवारी सकाळी पडद्यावर लाल पट्टी: साखळी तुटली आहे.

"युजरला परमिशन दिली ना, गुणाजीभाऊ?" केयूरने विचारले.

"दिली."

"रिकव्हरीचा सेटिंग फुल वर केला?"

"तुमच्या देखतच केला, महाराज."

"मग चालायलाच पाहिजे यार!"

"चालायला पाहिजे हे मलाही ठाऊक आहे. चालत का नाही, ते सांगा!"

आम्ही पासवर्ड बदलला, फोल्डर बदलला, सेवा बंद करून पुन्हा चालू केली. बुधवारी सकाळी पुन्हा लाल पट्टी. त्या दिवशी मी जेवणाचा डबा उघडला नाही.

दुपारी केयूरने डेटाबेसची स्वतःची नोंदवही उघडून पाहिली. "भाऊ, रोज संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी अजून एक कोणीतरी तुकडा उचलतो. मागच्या तुकड्यानंतरच्या एन्ट्री तो घेऊन जातो, आमच्या टूलला मिळतच नाहीत. कोण आहे हा?"

"आमच्या कार्यालयात असे कोणी नाही," मी छातीठोकपणे सांगितले.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम थांबलो. बरोबर सात वाजता अण्णा उठले. अण्णा म्हणजे आमचे ज्येष्ठ लिपिक. मूळचे कोकणातले, पूर्वी गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहीत. त्यांनी गणपतीपुढे उदबत्ती लावली, संगणकाला हात जोडले, खिशातून पेन ड्राइव्ह काढून लावला आणि पडद्यावरच्या एका चित्रावर टिचकी मारली. चित्राखाली लिहिले होते: अण्णांची प्रत.

पाच वर्षांपूर्वी तेव्हाच्या इंजिनियरकडून ते चित्र मीच करवून घेतले होते, अण्णांच्या जिवाला स्वस्थता लाभावी म्हणून. आणि मीच ते साफ विसरलो होतो.

परंतु संतापाच्या भरात स्वतःची चूक कोणास दिसते? "अण्णा, दोन दिवस मी डोके आपटतो आहे आणि तुम्ही इथे पूजा घालता? कोणी सांगितले तुम्हाला हे उद्योग करायला?"

"तूच सांगितलंस रे!" अण्णा म्हणाले. त्यांनी पेन ड्राइव्ह काढून खिशात घातला, चपला सरकवल्या आणि मागे न पाहता निघून गेले.

गुरुवारी सकाळी संगणक सुरूच झाला नाही. सुपारीचा आवाज थांबला होता. अण्णाही आले नव्हते.

केयूर फोनवर म्हणाला, "रविवारची कॉपी आहे, आमचे तुकडे आहेत. मधले सात वाजताचे तीन मिळाले तर सगळं उभं करतो. नाही तर सोमवार संध्याकाळनंतरचं गेलं समजा."

"आणि त्या वनमालाबाई?" उत्तराताईंनी विचारले. त्या बाईंचा फॉर्म श्रुतिकाने मंगळवारी टंकला होता. आडनाव वा फोन काहीच तिच्या स्मरणात नव्हते.

मी रिक्षाने घाटकोपरला अण्णांच्या घरी गेलो. ते दारातच उभे राहिले, आत या म्हणाले नाहीत.

"अण्णा, डिस्क गेली."

"मगे? माझे उद्योग कशाक होये तुका?"

"चूक माझी होती. चित्र मी करवले, विसरलो मी, आणि ओरडलोही मीच."

अण्णांनी देवघराच्या खणातून चिवड्याचा जुना डबा आणला. आत सात वारांचे सात पेन ड्राइव्ह, प्रत्येकाला चिठ्ठी, प्रत्येकावर हळदकुंकू. "गिरणीत एक कागद हरवलो तर माणसाची हजेरी जाय," ते म्हणाले. "म्हणून मी दुसरी प्रत ठेवतंय. चल, मी पण येतंय. तू पाडशील."

मंगळवारच्या पेन ड्राइव्हच्या तोंडात कुंकू बसले होते. पर्यायी संगणकाने तो दोनदा नाकारला. श्रुतिकाने कोरड्या कापसाने तो साफ केला. तिसऱ्यांदा तो लागला. केयूरने दुरूनच तुकडे ओळीने जोडले, आणि दुपारी चारच्या सुमारास पडद्यावर नाव उमटले: वनमाला दादू कोळी, खारदांडा. पुढे फोन नंबरही होता. उत्तराताईंनी तो सर्वांत आधी कागदावर लिहून घेतला.

"आता अण्णांचं आयकॉन उडवून टाकू?" केयूरने विचारले.

"उडवू नका," मी म्हणालो. "साखळी न तोडता नुसती नक्कल निघेल, असे काही करता येते का?"

"येतं की. कमांडमध्ये एक शब्द वाढवायचा फक्त."

"हे मंगळवारी सांगता आले नसते?"

"मंगळवारी अण्णा आहेत हे तुम्ही कुठे सांगितलंत?"

सात वाजता अण्णांनी उदबत्ती लावली. मी त्यांच्या हातातून पेन ड्राइव्ह घेतला आणि त्यावरचे कुंकू रुमालाने पुसू लागलो.

"पुसतंस काय रे?" अण्णा खेकसले. "वरचा ऱ्हवांदे. तोंडाकडचा तेवढा पूस."