शिव्या खाल्लेली सहा झाडं

चौथीला विज्ञान शिकवणाऱ्या बाईंना अख्खी शाळा पाठीमागे 'कशावरून बाई' म्हणायची. कुणी काही सांगितलं की यांच्या तोंडून पहिला शब्द तोच निघायचा. पोटात दुखतंय म्हटलं तरी कशावरून. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. स्वभाव मात्र तापट. राग नेहमी नाकाच्या शेंड्यावर. त्या रागाचं काय करायचं हे चाळिशी उलटली तरी त्यांना जमलेलं नव्हतं.

त्या वर्षी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, जिन्याजवळच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून घेतलं, 'गोड बोललं तर झाडही फुलतं, कडू बोललं तर तेही वाळतं.' दुसऱ्याच दिवशी विज्ञानाच्या तासाला एक मुलगा उभा राहिला. हा कशावरही वाद घालायचा, म्हणून सगळे त्याला वकील म्हणत.

"बाई, भिंतीवर लिहिलंय ते कशावरून?"

बाईंना हसू आलं. "मला नाही ठाऊक. बघायचं का?"

मग ठरलं. अठरा कुंड्या, सगळ्या सारख्या. एकाच पोत्यातली माती, एकाच पुडीतल्या घेवड्याच्या बिया. सहा कुंड्यांशी रोज गोड बोलायचं, सहांना रोज शिव्या द्यायच्या आणि सहांपुढे तोंडातून ब्र काढायचा नाही. पाणी सगळ्यांना मापाने एक कप. खिडकीजवळची जागा रोज बदलायची, म्हणजे ऊन कुणाला कमी-जास्त मिळणार नाही. दर दिवशी उंची मोजून वहीत लिहायची, शाईने. खोडरबर बंद.

"चुकलं तर?" कुणीतरी विचारलं.

"एक रेघ मारायची आणि शेजारी लिहायचं. चूक झाली हेही दिसलं पाहिजे."

काय होणार याचा अंदाज आधीच लिहून घेतला. एकेचाळीसपैकी अडतीस जणांनी लिहिलं की शिव्यांची झाडं मरणार. वकिलाने लिहिलं, 'झाडाला कान नसतात.' दोघांनी कागद कोरा दिला.

शिव्या द्यायला सगळ्यांचीच तयारी होती. इतकी, की चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. चिठ्ठी निघाली ती पुटपुटच्या नावाची. ही मुलगी कधी मोठ्याने बोलायची नाही. उत्तर दिलं तरी ओठ हललेले दिसायचे, आवाज यायचा नाही, म्हणून हे नाव. वर्गात हशा पिकला. बाई म्हणाल्या, "जमेल का गं? नाहीतर दुसऱ्या कुणाला देऊ."

तिने मान हलवली. जमेल.

पहिल्या दिवशी बाई दाराशी उभ्या होत्या. बाकीच्या मुलांच्या शिव्या त्यांना ठाऊक होत्या, गाढवा, ढब्ब्या, माकडतोंड्या, एवढीच त्यांची मजल. पुटपुट सहा कुंड्यांपुढे उभी राहिली, कमरेवर हात ठेवले आणि स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणाली, "तुझं तोंड बघितलं की माझा दिवस फुकट जातो. तू जन्मालाच कशाला आलीस? तुझ्यापायी माझं सगळं वाटोळं झालं. खा, नुसती खात बस."

दहा वर्षांच्या पोरीचे शब्द नव्हते ते, आणि झाडाला 'आलीस' कोण म्हणतं?

बाईंनी तिला मधल्या सुट्टीत बाजूला घेतलं. "हे कुठं ऐकलंस?"

"घरी."

"कोण म्हणतं?"

ती बुटाच्या टोकाने फरशीवरची रेघ घासत राहिली. बाईंनी तिच्या आईला बोलावून घेतलं. आई आली, खुर्चीच्या कडेवर बसली, पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत म्हणाली, "त्यांचं तोंड तसंच आहे हो. मनात काही नसतं." दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा तेच म्हणाली. बापाला निरोप पाठवला तर तो फिरकलाच नाही. बाई त्या दिवशी घरी जाऊन करपलेलं पातेलं इतका वेळ घासत बसल्या की शेवटी नवऱ्याने ते हातातून काढून घेतलं.

पुटपुटकडून शिव्यांचं काम काढून घ्यावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण ती रोज सगळ्यांच्या आधी यायची, शिव्या देऊन झाल्या की पट्टी घेऊन वाकायची आणि त्या सहा झाडांची उंची दोनदोनदा मोजायची. इतर बारा कुंड्यांकडे तिचं लक्षही नसायचं. एकदा तिने विचारलं, "बाई, अजून वाढतायत. मरायला किती दिवस लागतात?"

"मरतील की नाही तेच तर बघतोय आपण."

"मी रोज सगळं म्हणते. एकही दिवस सोडला नाही."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या.

अठ्ठाविसाव्या दिवशी हिशेब मांडला. गोड कुंड्यांची सरासरी सत्तावीस सेंटीमीटर, गप्पवाल्यांची साडेसत्तावीस, शिव्यांची अठ्ठावीस. शिव्यांनी झाडं वाढतात असं कुणीतरी ओरडलं. बाईंनी दाखवलं की एकाच गटातल्या दोन झाडांत सहा-सहा सेंटीमीटरचा फरक आहे, तेव्हा एका सेंटीमीटरवर उड्या मारू नयेत. मुलांनी निष्कर्ष लिहिला, 'बोलण्याने झाडांत फरक दिसला नाही.' पुटपुटने तो लिहिला आणि वर पाहिलं. "म्हणजे त्यांना काहीच झालं नाही?"

"काहीच नाही."

त्या दिवशी ती पहिल्यांदा डबा खाताना शेजारणीशी बोलत होती. बाईंनी लांबून पाहिलं.

शनिवारी शाळेचं प्रदर्शन होतं. पाहुणे येणार, संस्थेचे अध्यक्ष येणार. गुरुवारी संध्याकाळी मुलांनी कुंड्या सभागृहात मांडल्या, शुक्रवारी सुट्टी. गुरुवारी मोठ्या बाई येऊन वह्या चाळून गेल्या होत्या. "फरक दिसला नाही, हे काय लावायचं पाहुण्यांपुढे?" एवढंच म्हणाल्या होत्या.

शनिवारी सकाळी बाई सभागृहात शिरल्या तेव्हा गोड आणि गप्प कुंड्या टवटवीत होत्या, आणि शिव्यांच्या सहाही कुंड्यांतली झाडं माना टाकून लोंबत होती. पानांच्या कडा तपकिरी, देठ मऊ. वर नवा कोरा फलक, 'कडू शब्दांचा परिणाम.' आणि फलकाखाली पुटपुट उभी.

"मी मारली," ती म्हणाली. आवाज पुन्हा गेलेला. ओठांवरून कळलं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या तशाच कार्यालयात घुसल्या.

"झाडांना काय केलंत?"

मोठ्या बाई हार मोजून घेत होत्या. "मी काय करणार? वाळली. उशिरा का होईना, खरं ते बाहेर आलं."

"अठ्ठावीस दिवस वाळली नाहीत, एका सुट्टीत सहाच्या सहा वाळली?"

"कशावरून म्हणता मी केलं?" मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचाच शब्द आहे ना तो?"

बाईंपाशी पुरावा नव्हता, आणि पुराव्याशिवाय बोलायचं नाही हे त्यांनीच वर्षभर शिकवलेलं. त्या दातओठ खात परत आल्या. अध्यक्ष आले, कुंड्यांपुढे थांबले, मुलांच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "बघितलंत ना बाळांनो? ज्याला रोज कडू ऐकावं लागतं, त्याचं हे असं होतं." पुटपुट समोरच्या रांगेत होती. बाईंना त्या क्षणी त्या भल्या माणसाचा गळा धरावासा वाटला. त्याला बिचाऱ्याला काही ठाऊकही नव्हतं.

सोमवारी बाईंनी त्या सहा कुंड्या वर्गात टेबलावर आणून ठेवल्या.

"ही झाडं का मेली? मला ठाऊक नाही. शोधायचं."

"शिव्यांनी," एकजण म्हणाला.

"मग अठ्ठावीस दिवस का नाही मेली?" वकील उठला. "बाई, शेवटच्या दोन दिवसांत काय बदललं ते बघायला पाहिजे."

"बघा."

मुलांनी कुंड्या नाकाशी धरल्या, माती उकरली, मुळं बाहेर काढली. एका मुलीच्या लक्षात आलं की या सहांच्या मातीवर पांढरट पापुद्रा आहे. बाकीच्या बारांत नाही. मग दोन्हीकडची माती वेगवेगळ्या भांड्यांत पाण्यात ढवळली, जुन्या ओढणीच्या तुकड्यातून गाळली आणि पाणी ताटल्यांत घालून उन्हात ठेवलं. तिसऱ्या दिवशी गप्पवाल्या कुंडीच्या ताटलीत नुसता मळकट डाग होता. शिव्यांच्या ताटलीत भिंगाखाली बारीक बारीक चौकोनी खडे चमकत होते. चाखायचं नाही असं बाईंनी बजावलं होतं, तरी एकाने बोट लावलंच. "मीठ आहे, बाई."

वर्गात कालवा झाला. बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. "मीठ सापडलं. पण मिठानेच मेली, हे कशावरून?"

मागच्या बाकावर ओठ हलले. बाई जवळ गेल्या. "मोठ्याने सांग."

"गोडवाल्या तीन कुंड्यांत मीठ घालायचं," पुटपुट म्हणाली. "आणि गोडच बोलत राहायचं. मी बोलते."

तसंच केलं. तीन कुंड्यांत मिठाचं पाणी, तीनांत साधं. पुटपुट सकाळ-दुपार त्या सहा झाडांना शहाणी, गुणाची, सोन्यासारखी म्हणत राहिली. गोड बोलणं तिला शिव्यांइतकं सरावाचं नव्हतं, मध्येच अडायची, तेव्हा शेजारीण शब्द पुरवायची. दोन दिवसांत मीठवाली तिन्ही लोळली. साध्या पाण्याची तिन्ही ताठ उभी. पुटपुट खूप वेळ त्या तीन मेलेल्या झाडांकडे बघत राहिली. मग वहीत तिने स्वतःच्या हाताने लिहिलं, 'शब्दांनी नाही. मिठाने.'

त्याच दुपारी शिपाईमामा वर्गाच्या दाराशी आले. ताटल्या खिडकीत मांडलेल्या त्यांनी पाहिल्या होत्या.

"बाई, मीठ मी घातलं. गुरुवारी सगळे गेल्यावर. मोठ्या बाईंनी डबा दिला आणि कुंड्या दाखवल्या. कशाला, ते मी विचारलं नाही. आमच्या कामात विचारायचं नसतं."

"मामा, तुम्ही आता सांगितलंत, पुष्कळ झालं," बाई म्हणाल्या, आणि ताटली उचलून थेट कार्यालयात गेल्या.

मोठ्या बाईंनी ताटलीकडे पाहिलं. नाकारलं नाही. चष्मा काढून पुसत म्हणाल्या, "तीस वर्षं मी पोरांना सांगतेय, वाईट बोलू नका. तुमच्या प्रयोगाने काय शिकवलं? शिव्या दिल्या तरी चालतं."

"झाडाला चालतं. माणसाला चालतं असं कुणी लिहिलंय? माणसाला शिव्या देऊ नका, हे सांगायला मेलेलं झाड कशाला लागतं? सरळ सांगा की."

"चौथीची मुलं आहेत, बाई. त्यांना दिसलं तर पटतं."

"पटतं ना. त्या पोरीला पटलं. तिला घरी रोज हेच ऐकावं लागतं. ती झाडं जगतात का मरतात ते रोज दोनदा मोजत होती ती. का मोजत होती, हे तुम्हाला मी सांगायला हवं का? तिला जगलेली दिसली. आणि तुम्ही डबाभर मीठ पाठवून ती मारलीत, वर तिला सांगितलंत की हे असंच होतं."

मोठ्या बाईंचा हात थांबला. "मला हे ठाऊक नव्हतं."

"विचारलं नाहीत. आता वर्गात येऊन सांगा."

"मुलांपुढे? ते शक्य नाही."

"मग मी रोज मधल्या सुट्टीत या दारात उभी राहीन."

आणि त्या उभ्या राहिल्या. पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी दार लोटून घेतलं. तिसऱ्या दिवशी बाईंच्या हातात पत्र आलं, पुढच्या सत्रापासून विज्ञान दुसऱ्या शिक्षिकेकडे, तुमच्याकडे ग्रंथालय. बाईंनी पोचपावतीवर सही केली, पत्र पर्समध्ये टाकलं आणि तिथेच उभ्या राहिल्या. जाणारे-येणारे शिक्षक नजर चुकवायचे. एक म्हणाली, "सोडून द्या हो, घेवडाच तो." बाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती पुढचे दोन दिवस दुसऱ्या जिन्याने गेली.

सातव्या दिवशी विज्ञानाच्या तासाला मोठ्या बाई वर्गात आल्या. मुलं उभी राहिली. त्यांनी बसा म्हटलं नाही, विसरल्या असाव्यात. पुटपुटच्या बाकापाशी जाऊन थांबल्या.

"ती झाडं तुझ्या बोलण्याने मेली नाहीत," त्या म्हणाल्या. "मी मीठ घालायला लावलं. माझं चुकलं."

पुटपुटने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही, नवलानेही नाही.

"माहीत आहे," ती म्हणाली, पहिल्या बाकावरच्या वकिलालाही ऐकू जाईल अशा आवाजात. "आम्ही बघितलंय."

मोठ्या बाई निघून गेल्या. बाईंचा राग गेला नव्हता. ग्रंथालयाचं पत्रही मागे घेतलं जाणार नव्हतं, आणि त्या पोरीला पाच वाजता त्याच घरी जायचं होतं. त्यांनी खडू उचलला, मुलांना बसायला सांगितलं आणि फळ्यावर तारीख घातली.