सावेलीचा झरोका

मी एक जुना झरोका आहे. राजवाड्यातला नव्हे, मित्रांनो, एवढं माझं भाग्य कुठलं! मोठ्या खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात उघड्या वहीएवढं एक तावदान असतं, स्वतःच्या बिजागरीवर उघडणारं. तो मी. रशियाच्या उत्तरेला, आमच्या अर्खांगेल्स्क शहरात मला फोर्तच्का म्हणतात. सध्या मी माझ्या जुन्या खिडकीसकट एका बाल्कनीत, खारवलेल्या कोबीच्या बरणीशेजारी, भिंतीला टेकून उभा आहे. उभा कसला, टाकून दिलेला आहे.

नदीकाठच्या लाकूड गिरणीत माझी चौकट कापली गेली. पाइनचं लाकूड, पांढरा रंग, पितळेची खिटी. नव्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीत मला बसवलं. आमच्याकडे हिवाळ्यात मोठी खिडकी उघडायची सोय नसते, घर गोठून जाईल. म्हणून मी. उकळत्या सुपाची वाफ, दोरीवरच्या ओल्या कपड्यांचा दमटपणा, माणसांचे श्वास, सगळं माझ्यातून बाहेर जायचं आणि घर खडखडीत कोरडं राहायचं. पण या कामाबद्दल मला कुणी कधी धन्यवाद दिले असतील, तर शपथ.

खरं सांगू? मला माझ्या कामासाठी कुणी उघडलंच नाही. मला उघडायचा तो सावेली, घरातला म्हातारा, सिगरेट ओढण्यासाठी. त्याची बायको कापितोलीना, जिला सगळे कापा आजी म्हणत, तिला वाऱ्याच्या झुळकीची भारी दहशत. बाहेरच्या बर्फात ती तासभर रांगेत उभी राहील, पण घरात झुळूक आली की मान धरलीच म्हणायची. दर शरद ऋतूत ती खिडकीच्या फटींत कापूस कोंबायची, वर साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या कागदाच्या पट्ट्या चिकटवायची. एका वर्षी तिने माझ्यावरही पट्टी मारली. सावेलीने ती नखाने खरवडून काढली.

"अहो, पोरं आजारी पडतील!" कापा आजी ओरडली. "गिरणीचं धुराडं नुसतं!"

"धूर बाहेर जातो, कापा, आणि त्याच्यासोबत तुझी थोडी बडबडही जाते. तेवढंच शेजाऱ्यांना पुण्य."

"शेजाऱ्यांना कशाला? मी आहे ना ऐकवायला!"

अशी त्यांची रोजची जुगलबंदी. सिगरेट वाईटच, मित्रांनो. तिनेच शेवटी सावेलीला नेलं. पण त्याच्या त्या वाईट खोडीने घर कोरडं ठेवलं होतं, हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

तो गेला त्या हिवाळ्यात माझ्यावर पट्टी चिकटली ती चिकटलीच. तरी माझं लाकूड जुनं होतं, कुठे तरी फट राहायचीच. मग मुलगा रोदिओन बंदरातल्या नोकरीवरून घरी आला आणि म्हणाला, "आई, तुला आता थंडीच वाजणार नाही, बघ." त्याने प्लास्टिकच्या नव्या खिडक्या बसवल्या. पांढऱ्याशुभ्र, रबराच्या पट्ट्यांनी घट्ट. मेणबत्ती धरली तर ज्योत हलत नाही, असं कापा आजी शेजारणींना करून दाखवायची. मला बाल्कनीत ठेवलं, "गावाबाहेरच्या दाच्यावर, बागेत रोपं झाकायला उपयोगी पडेल" म्हणून. गरज सरो, वैद्य मरो! रोपं काही कुणी लावली नाहीत.

बाल्कनीच्या दाराला काच आहे. त्या काचेतून मी पुढचं सगळं पाहिलं. पाहण्यावाचून दुसरं काम होतं कुठे मला?

पहिल्याच हिवाळ्यात नव्या काचेवर आतून पाणी धरलं. सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर डबकं. सून झोया फडकं पिळून पिळून थकली. मग कोपऱ्यात, कपाटामागे, भिंतीवर काळे ठिपके उमटले. झोयाने ते धुतले, रोदिओनने वर नवा वॉलपेपर लावला. बुरशी त्याच्या आत मजेत वाढली. वाफ जाणार कुठे? स्वयंपाकघराच्या भिंतीत वर हवा जायला एक जाळी होती, तिच्यातून थंड हवा येते म्हणून कापा आजीने तिच्यावर कॅलेंडर खिळ्याने ठोकलं होतं.

आणि उस्त्या खोकू लागली.

उस्त्या म्हणजे रोदिओन-झोयाची लेक, तेव्हा पाच वर्षांची. तिचा पलंग त्याच कपाटाला लागून. आधी नुसता खोकला, मग शिट्टी वाजावी तसा श्वास. घरी तपासायला डॉक्टरीणबाई आल्या. बूट काढता काढता त्यांनी विचारलं, "घर दमट आहे का?"

"आमचं घर?" कापा आजीला रागच आला. "वाऱ्याला आत पाऊल टाकू देत नाही मी!"

"मुलीला मोकळी हवा हवी. खिडकी उघडत जा रोज."

त्या गेल्या. आजीने दार लावून घेतलं आणि नातीच्या गळ्याला आणखी एक लोकरी मफलर गुंडाळला. "हवा म्हणे! पोर खोकून बेजार, आणि ही तिच्या अंगावर बर्फ ओता म्हणते."

झोया हलक्या आवाजात म्हणाली, "आई, जरा उघडून तर बघू या."

"हो, उघडा! मी मेल्यावर उघडा!"

त्याच संध्याकाळी आजीने खिडकी उघडायची मूठच काढली आणि स्वतःच्या एप्रनच्या खिशात टाकली. दाराखाली चादर कोंबली. नातीसाठी दिवसभर शेगडीवर काढे उकळत ठेवले. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! त्या काढ्यांची वाफ काचेवरून ओघळताना मी बघत होतो. ओरडावंसं वाटत होतं, आजी, शत्रू थंडी नाही गं, ही वाफ आहे, आणि तिलाच तू आत कोंडून घेतलं आहेस! पण लाकडाला तोंड नसतं. तुम्हाला काय वाटतं, तिचं नातीवर प्रेम नव्हतं? होतं. म्हणूनच तर मला जास्त चीड येते.

दुसऱ्या हिवाळ्यात उस्त्याला दोनदा इस्पितळात न्यावं लागलं. दुसऱ्या वेळी झोया तिला घेऊन घरी आलीच नाही. परस्पर दक्षिणेला, बहिणीकडे निघून गेली. रोदिओनही पुढे तिकडेच नोकरी शोधून गेला. घरात राहिली एकटी कापा आजी.

परवा ती बरणीतून कोबी काढायला बाल्कनीत आली होती. फोन वाजला. उस्त्याचा आवाज मलाही ऐकू आला, इतका खणखणीत झाला होता.

"आजी, मावशीकडे ना, खिडकीत वर एक छोटी खिडकी आहे! मावशी झोपताना ती उघडते. मी आधी रडले. म्हटलं, आता खोकला येणार. आलाच नाही!"

आजीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "टोपी घालतेस ना गं, बाळ?"

"घालते."

"मग कधी येतेस आजीकडे?"

"आई म्हणते, तुझ्या घरात नको."

फोन खिशात ठेवून आजी किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हातातली वाटी खाली ठेवली, नखाने जुनी कागदी पट्टी खरवडली, अगदी सावेलीने खरवडली होती तशी, आणि माझी पितळी खिटी फिरवली. इतक्या वर्षांत तिच्या हाताने मी पहिल्यांदा उघडलो.

माझ्यामागे विटांची भिंत होती.

आजी त्या भिंतीकडे बघत तशीच उभी राहिली. तिने मला बंद केलं नाही, आणि मीही बिजागरी करकरवली नाही.

मित्रांनो, माझी कीव करू नका, मला ती नको. तुमच्या घरातल्या झरोक्यामागे अजून आकाश आहे. थंडीचे दिवस आले, चुलीवर भांडं उकळू लागलं, काचेवर पाणी धरलं, की घडीभर त्याला उघडा. माणसं घरात आहेत तोवर उघडा.