मनीषाचे एकशे साठ गोल

नमुना: कमी गुणांबाबत वर्गशिक्षकाचा खुलासा

१. विद्यार्थिनी: मनीषा भगवान सोनवणे, इयत्ता सहावी, मराठी माध्यम, कोसाड.

२. गुण: चाळीसपैकी शून्य.

३. खुलासा (फक्त वीस शब्दांत): उत्तरपत्रिकेत चाळीस प्रश्न, प्रत्येकी चार गोल, एक भरायचा. मनीषाने एकशे साठही गोल भरले. काठाबाहेर शाई न जाऊ देता. मशीनने तिला

(वीस शब्द संपले. मागच्या बाजूला लिहिते.)

शून्य दिलं.

उत्तरपत्रिका घेऊन मी तिच्या घरी गेले. तिची आई सरस्वती साडीवर खडे चिकटवत होती. साडीवर गोल आधीच छापलेले असतात, प्रत्येकात एक खडा. शाळा सुटली की मनीषाही बसते, पाच वर्षांची असल्यापासून. सरस्वतीने कागद उजेडात धरला, बोटाने चाचपला आणि लेकीचं काम पसंत केलं.

"एक बी गोल खाली राह्यला तर शेठ आख्खा माल परत करस, बेन." इथे बाईंना बेनच म्हणतात.

मीच फळ्यावर गोल काढून बजावलं होतं, काही खाली, रिकामं सोडू नका. मलाही वरून तेच बजावलं होतं. सरावाला त्रेचाळीस मुलांत नमुन्याच्या दोन उत्तरपत्रिका. आणि परीक्षेच्या दिवशी आम्हा वर्गशिक्षकांना दुसऱ्या शाळेत धाडलेलं, कारण आम्ही उत्तरं सांगू असा संशय. वर्गात जो निरीक्षक होता त्याने मुलं एकमेकांचं बघत नाहीत एवढंच पाहिलं. तिचा कागद पाहिला नाही.

तिथेच बसून मी चाळीसही प्रश्न तोंडी विचारले. तिचे हात चालूच होते. तेहतीस बरोबर. सतराव्याला म्हणाली, यात दोन उत्तरं बरोबर आहेत. खरंच आहेत. प्रश्न काढणाऱ्याकडे खुलासा मागितला का कोणी?

४. शून्याचे कारण (एकच गोल भरा):

हा रकाना आचार्य, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, प्रकाश सरांनी बोट ठेवून दाखवला. तिसरा भरा म्हणाले. मग मनीषा सरासरीतून वजा होते आणि शाळेची श्रेणी वाचते. श्रेणी घसरली तर मराठीचे वर्ग बंद. आणि मनीषा? तिच्यासाठी खास वर्ग आहे, भेस्तानला. म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. सरस्वती पाठवणार नाही. म्हणजे दिवसभर खडे.

"एका पोरीसाठी सगळ्यांना बुडवता का, बेन?" सर हळूच म्हणाले. माणूस वाईट नाही. त्यांनाही कुणीतरी असाच एक नमुना दिलेला असणार.

"चाळीस प्रश्न विचारायला मला पाऊण तास लागला, सर," मी म्हटलं. "एवढा वेळ वरच्या एकाही माणसाकडे नाही?"

मशीनची चूक, असा गोल नाही. तपासणाऱ्यांची चूक, असाही नाही.

○ सतत गैरहजर
○ पालकांचे दुर्लक्ष
○ मंदबुद्धी

सोबत: चाळीस उत्तरं, साध्या कागदावर, मनीषाच्या अक्षरात, नंतर शाळेत लिहून घेतलेली.

कागदाला टाचणी लावताना ती माझ्या टेबलाशी उभी होती. तिने नमुना निरखला.

"बेन, गोल खाली राहिले. माल परत येईल."

"येऊ दे," मी म्हटलं.

५. वर्गशिक्षकाची सही: विजया